मापाची पोर

“इंटरनेट नको. हे आधी लिही,” फोनमधून पुण्याची मोठीआई, म्हणजे मोठी काकू, म्हणाली.

पुष्पी गच्चीच्या वरच्या पायरीवर बसली होती, कारण रेंज तिथंच यायची. मांडीवर ग्रामसभेच्या जुन्या नोटिशीचा कागद होता, कोरी बाजू वर केलेली. तिनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहिलं: १. इंटरनेट नको.

“हातात नीट मावला पाहिजे. जड नको. मारामारीचे, बंदुकीचे खेळ नकोत. आवाज कमी करता यायला हवा, माझं डोकं उठतं. आणि दोघांना एका वेळी खेळता यायला हवं, नाहीतर शरयू-सोहम एकमेकांचे केस ओढतात. लिहितेयस ना गं?”

“हाव मोठीआई. तीन झालं. चवथं आवाज लिहून राह्यले.”

पाच झाले. पुढचं काही येईल म्हणून पुष्पीनं सहाचा आकडा काढून ठेवला. तेवढ्यात रेंज गेली.

“काय म्हनते पुन्याची?” खालच्या पायरीवरून तिच्या आजोबांनी, शेषरावनं, विचारलं.

“पाच गोष्टी सांगतल्या. साहावी सांगता सांगता कटला फोन.”

“राहू दे. पाच लय झाल्या. आमच्या टायमाले लग्नासाठी पोरगी पाहाले गेलो तं एवढ्या अटी नव्हत्या.”

पुष्पी खदखदून हसली. कागदाची घडी घालून तिनं ती आबांच्या खिशात ठेवली. सहाच्या आकड्यापुढं टिंब होतं आणि त्यापुढं काही नव्हतं.

*

शेषराव ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. साखरखेर्ड्याच्या रस्त्यावरचं गाव, सात गल्ल्या, सात व्हॉल्व्ह. खांद्यावर कमरेएवढी उंच लोखंडी चावी टाकून तो तीस वर्षं या गल्लीतून त्या गल्लीत हिंडला. कुठल्या व्हॉल्व्हला किती फेरे द्यायचे हे त्याच्या मनगटाला पाठ. मारोतीच्या पाराचा अकरा फेऱ्यांचा, शाळेमागचा नऊ फेऱ्यांचा आणि नवव्याला कुरकुरणारा. कोणत्या घराचा नळ उताराला आहे, कोणत्या म्हातारीला हंडा उचलत नाही म्हणून तिथं पाच मिनिटं जास्त द्यायची, सगळं त्याच्या डोक्यात.

त्याची स्वतःची गल्ली सातवी. तिला पाणी सगळ्यात शेवटी. टाकीत राहिलं तर भरपूर, नाही राहिलं तर पुढच्या पाळीला. तीस वर्षांत त्यानं हा क्रम एकदाही मोडला नाही. गावात म्हणत, “शेषरावच्या घरचा रांजन कोरडा राहीन, पन गावात बोंब होनार नाई.” हे वाक्य कानावर आलं की तो ऐकलंच नाही असं दाखवायचा, आणि चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा.

थोरला भागवत पुण्यात. त्याची दोन लेकरं, आठ वर्षांची शरयू आणि पाच वर्षांचा सोहम. धाकटा गोकुळ गावातच, फाट्यावर त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. त्याची बायको अश्विनी, आणि एकुलती पुष्पांजली. पुष्पांजली हे नाव हौसेनं ठेवलेलं. हाका मारताना पुष्पी.

पुष्पी आणि शरयू यांच्यात पंधरा दिवसांचं अंतर. त्यामुळं पुष्पी चालायला लागली तेव्हापासून शरयूचं माप होती.

ही रीत काही शेषरावनं काढलेली नव्हती. लांबच्या लेकरासाठी कपडा घ्यायचा, चप्पल घ्यायची, तर त्याच्या वयाचं जवळचं लेकरू दुकानात न्यायचं. दर दिवाळीला आजी, म्हणजे शालूबाई, पुष्पीला बाजारात न्यायची. शिंपी तिच्या खांद्यावर टेप लावून म्हणायचा, “हालू नको बाई, माप चुकते.” फ्रॉक शिवून पुण्याला. चप्पलच्या दुकानात पुष्पी चकचकीत सँडल घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा चालून दाखवायची, “बसते” म्हणायची, मग खाली बसून बंद सोडायची. दुकानदार सँडल खोक्यात भरायचा. पुष्पी आपली जुनी चप्पल घालून आजीचं बोट धरायची. तिला तिचे कपडे वेगळे मिळायचे, गोकुळ आणायचा, बाजारातून, तयार. कुणी तिला उपाशी ठेवत नव्हतं.

या वर्षी गेम होता.

त्याचं कारण मागची दिवाळी. पुण्याची मंडळी पाच दिवस राहायला म्हणून आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच सोहम अंगणात लोळून “बोअर होतंय, बोअर होतंय” करायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. भागवत म्हणाला ऑफिसचं काम आलं. फाट्यावर चार माणसं उभी होती. कुणीतरी विचारलं, “काऊन बे भागवत, आलास काय अन् चाललास काय?” भागवत हसला. शेषराव मात्र आठ दिवस फाट्यावर गेला नाही. नातवंडं आपल्या घरात दोन दिवस टिकत नाहीत, ही गोष्ट त्याला अंगावरचा फाटका सदरा लोकांनी बघावा तशी लागली.

लेकरांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही हा त्यांच्या आईचा नियम. हातात धरून खेळायचा एखादा गेम चालेल, असं तीच म्हणाली. शेषरावनं ठरवलं, आणायचाच. आणि हेही आधीच सांगितलेलं बरं की पैशाची अडचण नव्हती. खरेदीच्या दिवशी त्याच्या खिशात पुरून उरतील एवढे होते.

२. हातात मावला पाहिजे

मेहकरच्या दुकानात काय झालं ते शेषरावनं गावात चार ठिकाणी सांगितलं. वामनराव गुरुजींच्या ओट्यावर सांगितलं ते असं.

“दुकानदार पोरगंच हाये, ज्ञानेश्वर नाव. त्यानं तीन मशिनी काढून ठेवल्या. एक मोठी, चकचकीत. मी म्हनलं, हेच द्या. तं पुष्पी म्हनते, ‘आबा, याले वायफाय हाये. पयली अट.’ सारली बाजूले.”

“वकील होईन पोट्टी,” गुरुजी म्हणाले.

“आयका तं. दुसरी लहान, साबनाच्या वडीएवढी. हिनं हातात धरून पाह्यली. म्हनते, ‘सोहमले होईन, पन शरयूचे अंगठे एकमेकाले लागतीन.’”

“तिले काय माहीत शरयूचे अंगठे?”

“अवो, पंधरा दिवसाचा फरक! हिचा हात म्हंजे तिचाच हात ना गुरुजी. मनून तं नेलं तिले. मी नेले असते माझे अंगठे, तं एका अंगठ्याखाली चार बटनं.”

“अन् तिसरी?”

“तिसरी मधली. लाल. आत चारशे खेळ भरलेले, इंटरनेटचं काम नाई. वायर लावली का दुसरा रिमोट, दोघं खेळा. मी पाकीट काढलं. तं हे म्हनते, ‘थांबा आबा.’ डावं बटन दाबलं, परत दाबलं. म्हनते, ‘काका, हे एकदा दाबलं का दोनदा जाते.’ दुकानदारानं पाह्यलं तं खरंच! खराब पीस. त्यानं मुकाट्यानं दुसरा काढला.”

“तुझ्या व्हॉल्व्हचं लक्षन उतरलं बे नातीत.”

“तेच म्हनलं मी दुकानदाराले! मंग तो म्हने, बॅटरी पाहून घ्या, दहा मिनिटं चालवा. बसली स्टुलावर. एक बेडूक व्हता, पानावरून पानावर उडी मारे. चुकला का गेला पान्यात. तीन तळे पार केले पोरीनं. डोळ्याची पापनी नाई हालवली. मी तवाच समजलो गुरुजी, हे लेकराले धरून ठेवते. शरयू यंदा चार दिवस हालत नाई.”

दहा मिनिटं झाल्यावर पुष्पीनं आवाज कमी करून बघितला, पूर्ण बंद होतो का तेही बघितलं. काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. ते तिनं फ्रॉकच्या टोकानं पुसले आणि मशीन दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवलं.

“झालं आबा. चांगली हाये.”

एसटीत खोकं तिच्याच मांडीवर होतं. तिनं खोक्यावरची चित्रं वाचून काढली, आणि आबांना सांगितलं, “दर आठ दिवसानं चार्ज करा लागते. नाईतं बॅटरी बसते. ते येईपर्यंत मी करत जाईन.” आणि केलंही. दिवाळीपर्यंत तीन वेळा कपाटातून खोकं काढून, मशीन चार्जरला लावून, हिरवा दिवा लागला की परत तसंच आत. चालू करून बघितलं नाही. शालूबाईनं सांगितलं होतं, त्या लेकरांच्या हातानं उघडायचं.

दुकानात आणखी एक गोष्ट झाली होती. ती शेषरावनं चारपैकी एकाही ठिकाणी सांगितली नाही. लपवली असं नाही. त्याला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

५. दोघांना खेळता यावा

धनत्रयोदशीला दुपारी गाडी आली. शेषराव त्या वेळी सहाव्या गल्लीचं पाणी बंद करत होता. त्यानं फेरे भराभरा दिले आणि चावी खांद्यावर टाकून घराकडं निघाला.

पोचला तेव्हा खोकं उघडलेलं होतं. शालूबाईला दम निघाला नव्हता.

“आबा, हे तर आमच्या लहानपणचं!” भागवत हसत होता. “जत्रेत पाहत होतो आपन, तुमी घेऊन देल्लं नव्हतं.”

“क्यूट आहे,” शरयू म्हणाली. “थँक यू आजोबा.” सोहमनं दुसरा रिमोट तोंडात घातला होता.

शेषराव उंबऱ्याबाहेरच थांबला. पायाला चिखल होता आणि चावीवरून पाणी ठिबकत होतं. तिथूनच बघत राहावं असं त्याला वाटलं, इतकं ते दृश्य चांगलं होतं. तीन डोकी एका पडद्यावर वाकलेली. मध्ये पुष्पी, कारण चालू कसं करायचं ते तिलाच ठाऊक होतं.

“हे नाई, हे दाब. आता खाली ये. बेडूक घे, तो चांगला हाये. सोहम, तू मोठं बटन दाब, तुझा अंगठा तिथंलोक पुरते. मी पाह्यलं.”

सोहमचा बेडूक पडला. शरयूचा पडला. सोहम ओरडला. पुष्पीनं आवाजाचं बटण खाली केलं. “मोठीआईचं डोकं दुखते.”

“आता तू,” शरयू म्हणाली.

“नको. तुमी खेळा.”

“अगं खेळ ना. नाहीतर तुझा आण, मग आपण तिघं खेळू. तुझा कुठंय?”

शेषराव उंबऱ्याबाहेर होता. शालूबाई करंज्यांची परात घेऊन येत होती. भागवत मोबाइलमध्ये होता. अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात. विचारणारी आठ वर्षांची होती आणि तिनं एवढंच विचारलं होतं, जसं कुणीही विचारेल.

“मले नाई आवडत,” पुष्पी म्हणाली. “डोळे दुखतात माझे.”

“हो?”

“हाव. आबा म्हनत व्हते घेऊ मनून. मीच नाई म्हनलं.”

तिनं दाराकडं बघितलं नाही. आबा तिथं उभे आहेत हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे शेषरावला पुढं कधीच कळलं नाही.

सोहमनं रिमोट तोंडातून काढला. “मग तुला बेडूक कसा येतो?”

“दुकानात पाह्यला ना. मापाले गेल्ती मी.”

“मापाले म्हणजे?” शरयूनं विचारलं.

“तुझ्या मापाले! तुझ्या सगळ्या मापाले मीच जाते. तुझे ते निळे सँडल नाई का? ते आधी मी चालून पाह्यले व्हते.” पुष्पी हे अभिमानानं सांगत होती. “थोडे बोटाले लागत व्हते. मनून मी एक नंबर मोठा घ्याले लावला.”

शरयूनं खेळ थांबवला. मग मशीन पुष्पीच्या हातात देऊन म्हणाली, “घे ना. एक तळं तरी.”

४. आवाज कमी करता यावा

“दोन घ्या ना आजोबा,” ज्ञानेश्वर म्हणाला होता. “दोनावर कमी करून देतो.”

मेहकर. दुकान. पुष्पी त्या वेळी स्टुलावरून उतरत होती. दुकानदाराचं बोलणं ऐकून तिनं वर बघितलं नाही. फक्त उतरायची थांबली. एक पाय जमिनीवर आणि एक पाय स्टुलाच्या दांडीवर.

“दुसरी कोनासाठी?” शेषराव म्हणाला होता.

मग तिचा दुसरा पाय खाली आला.

एवढंच. चिडून नव्हता म्हणाला. पैसे वाचवायचे म्हणून नव्हता म्हणाला. खरोखरच त्याला प्रश्न पडला होता. दोन लेकरं पुण्यात, एकावर दोघं खेळतात, तर दुसरी कोणासाठी? त्याच्या कोपराला टेकून एक लेकरू उभं होतं, आठ वर्षांचं. ते त्याच्या हिशेबात दुकानदाराच्या बाजूला होतं. टेपसारखं. तराजूसारखं.

चावी खांद्यावर घेऊन शेषराव उंबऱ्यावरून मागं वळला.

“अहो, आत या ना,” शालूबाईनं हाक मारली. “लेकरं आली न् तुमी कुठं चालले?”

“आपल्या गल्लीचं सोडाचं हाये.”

सातव्या गल्लीच्या व्हॉल्व्हपाशी तो बसला. खड्ड्यात चावी बसवली. त्याला फेरे मोजता येईनात. चार झाले की पाच, आठवेना. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. समोरच्या घरातून बाई ओरडली, “आबा, पानी येऊन राह्यलं का नाई?” तो उठला, पुन्हा बसला. तीस वर्षं तो म्हणत आला होता, घरचं शेवटी. त्याला लोक न्यायी म्हणत आले होते. त्या क्रमात सातव्या जागी एक पोर हंडा घेऊन उभी आहे आणि टाकी रिकामी झाली तर ती काहीच न बोलता परत जाते, हे त्यानं कधी वाकून बघितलं नव्हतं. लोक वाहवा करत होते ते त्याची, आणि कोरडं राहत होतं ते दुसरंच कोणीतरी.

कुणी काही म्हणालं नव्हतं, आणि सगळं गाव आपल्याला हसतंय असं त्याला वाटत होतं.

३. मारामारी नको

पाडव्याच्या दिवशी अश्विनी चुलीपाशी एकटी सापडली. शेषराव दारात घुटमळला. सुनेशी असं समोर उभं राहून बोलायची त्याला सवय नव्हती.

“सूनबाई.”

तिनं पदर सावरला. “काय मामाजी? च्या पाह्यजे का?”

“नाई. ते... पुष्पीले एक आनून देतो मी. मशीन.”

अश्विनीनं पोळी उलटली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चार शब्द सुनावले असते, भांडी आपटली असती, तर ते ऐकून घेण्यासारखं काहीतरी झालं असतं.

“राहू द्या मामाजी,” ती म्हणाली. “तिले सवय हाये.”

पोळी फुगली. अश्विनीनं ती खाली उतरवली.

“अन् आता आनली तं थोरल्या बाईले वाटंल, आमी काई बोललो मनून तुमी आनली. सनासुदीचं कायले? लेकरं मजेत हायेत.”

लेकरं मजेत होती हे खरं. तिघं एकाच मशीनवर पाळी लावून खेळत होती. पाळी पुष्पीनंच लावून दिली होती: आधी सोहम, मग शरयू, मग ती. सोहमची पाळी संपता संपायची नाही. बॅटरी बहुतेक वेळा शरयूच्या हातात असतानाच उतरायची.

पुण्याची मंडळी पुरे चार दिवस राहिली. शेषरावला जे हवं होतं ते झालं. भाऊबीज करून निघताना फाट्यावर माणसं होती आणि कुणी काही विचारलं नाही. गाडीत बसता बसता शरयूनं लाल मशीन पुष्पीच्या हातात कोंबलं. “तुझ्याकडं ठेव. मला तिकडं टॅब आहे.”

पुष्पीनं ते चार्जरसकट सोहमच्या पिशवीत टाकलं आणि पिशवीची चेन लावली.

“सोहम रडंल. घाट लागला का त्याले कंटाळा येते.”

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत ती हात हलवत राहिली.

१. इंटरनेट नको

दुसऱ्या दिवशी शेषराव एकटाच मेहकरला गेला. घरी सांगितलं, पंचायतीचं काम आहे.

“या आजोबा!” ज्ञानेश्वरनं ओळखलं. “तुमची इन्स्पेक्टर नाई आनली आज?”

“नाई. ते... तसलीच एक पाह्यजे. लाल.”

“लाल संपली ना दिवाळीत. आता हे लहान हाये, अन् हे थोडी मोठी.” त्यानं दोन मशिनी काउंटरवर ठेवल्या. “कोनासाठी पाह्यजे?”

शेषरावनं नजर मशिनींवरच ठेवली. “हाये एक. घरचीच.”

“हात केवढा हाये लेकराचा?”

सोपा प्रश्न होता. शेषरावनं आपला पंजा वर केला, दुसऱ्या हाताचं बोट त्यावर ठेवलं, की इथपर्यंत. मग बोट खाली सरकवलं. मग पुन्हा वर. एसटीत चढता-उतरताना तो हात त्याच्या हातात असायचा. खिशात कागद ठेवताना, चष्मा शोधून देताना, चावीचं दुसरं टोक उचलून धरताना. गावातल्या प्रत्येक नळाच्या पाइपाचा इंच त्याला तोंडपाठ होता.

“शरयूच्या हाताएवढा,” असं त्याच्या ओठावर आलं, आणि तिथंच थांबलं.

“रंग कोनता आवडते तिले?” ज्ञानेश्वरनं मदत करावी म्हणून विचारलं. “गुलाबी देऊ का? पोरीले गुलाबी चालते.”

“माहीत नाई,” शेषराव म्हणाला.

दोन्ही मशिनी त्यानं उचलून बघितल्या. डावं बटण दाबलं. त्याच्या अंगठ्याखाली तीन बटणं एकदम दाबली गेली, आणि पडद्यावर कोण कुठं गेलं ते त्याला समजलं नाही. चांगलं की खराब, सांगायला कोणी नव्हतं. त्यानं मशिनी जागच्या जागी ठेवल्या.

“येतो उद्या. विचारून येतो.”

“बरं ना आजोबा. तिलेच घेऊन या.”

तिलाच घेऊन यायचं, हे त्यालाही दिसत होतं. पण पुन्हा तिला त्या स्टुलावर बसवायचं, पुन्हा ती उतरताना तिथंच उभं राहायचं, हे त्याच्यानं होईना. तो मोकळ्या हातानं परतीच्या एसटीत बसला. खिडकीपाशी जागा होती, शेजारी जागा होती. त्यानं पिशवी मांडीवर घेतली. त्यात काही नव्हतं.

६.

मेहकरहून आल्यावर शेषरावनं पाणी सोडलं होतं, आणि त्या दिवशी ते सातव्या गल्लीपर्यंत आलेलं होतं. पुष्पी अंगणात हंड्यात नळी धरून बसली होती. आबा ओट्यावर येऊन टेकले तसं तिनं विचारलं, “झालं का पंचायतीचं काम?”

“नाई झालं.”

“काऊन?”

शेषरावनं खिसा चाचपला. सदऱ्याच्या खिशात तो कागद अजून होता, घामानं मऊ पडलेला. त्यानं तो ओट्यावर पसरला आणि हातानं सुरकुत्या काढल्या. पाच ओळी, गोल गोल अक्षरांत. खाली सहाचा आकडा आणि टिंब. त्याखाली बरीच कोरी जागा होती.

“तुझी पेन्सिल आन बरं.”

पुष्पीनं दप्तरातून पेन्सिल आणून दिली.

“इथं हात ठेव.”

तिनं ओला हात फ्रॉकला पुसला, पुरता सुकला नाही, तसाच कागदावर ठेवला. बोटं पसरली. कुणी न सांगता पसरली. कसं धरायचं असतं ते तिला ठाऊक होतं. शेषराव वाकला. करंगळीच्या बाजूनं त्यानं पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. हळू, व्हॉल्व्हचा पहिला फेरा द्यावा तशी. करंगळीच्या पेरावर एक जुना व्रण होता. तो कधीचा, ते त्याला माहीत नव्हतं. मग दुसरं बोट, मधलं, अंगठ्याशेजारचं. नखांवर बेडकाच्या रंगाचा, पोपटी नखरंग लावलेला होता, अर्धाअधिक निघून गेलेला.

पुष्पी हाताकडं बघत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. उद्या कोणती भाजी करायची असं विचारावं तसं तिनं विचारलं,

“आता कोनासाठी, आबा?”

पेन्सिल अंगठ्याच्या मुळाशी थांबली.

तळव्याची ओल कागदात उतरत होती. सहाचा आकडा हळूहळू गडद होत होता. हंडा भरून वाहायला लागला होता आणि नळीचं पाणी अंगणातून ओट्याकडं येत होतं. शेषरावला मान वर करता येईना.

पुष्पीनं हात जराही हलवला नाही. माप चुकू नये म्हणून.